फटीतला कापूस

वस्तू बोलायच्या त्या काळातली गोष्ट. गुडघे आखडले आणि हिराजी तांडेलाचं होडीवर जाणं सुटलं, तेव्हा लेकीनं त्याला शिडाच्या इवल्या जहाजाच्या सुट्या भागांचा खोका आणून दिला. जन्मभर समुद्रावर राहिलेला हिराजी या कामात मात्र अगदीच नवशिका. शिडाची दोरी त्यानं तीनदा उलटी बांधली. फळ्या जोडून झाल्यावर, खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं नसतानाही, तो फटींत कापूस ठासून वर तेल चोळू लागला.

“हे कशाला?” जहाजानं विचारलं.

“पाणी शिरू नये म्हणून.”

जहाज हरखलं. “म्हणजे आपण समुद्रावर जाणार! कधी?”

हिराजीचे हात थांबले. खिडकीबाहेर भरती चढत होती.

“आता जायचं नाही, हे हातांना अजून सांगितलं नाही रे मी,” तो म्हणाला आणि त्यानं पुढची फट भरायला घेतली.