कातळमाचीला बाहेरून कडी नाही

कातळमाचीला मुक्कामाला आलेला माणूस पहिल्याच सकाळी एक तक्रार घेऊन येतो. खोली झकास आहे, म्हणतो. अख्खी कड्यात कोरलेली, भर चैत्रातही पांघरूण लागतं. पण बाहेर जाताना दार बंद कसं करायचं? आतून भक्कम अडसर आहे. बाहेरून मात्र कडी नाही, कोयंडा नाही, कुलूप अडकवायला साधा खिळासुद्धा नाही. आणि हे एकट्या कड्यातल्या खोलीचं नाही. हल्ली माचीवरच्या बऱ्याच घरांनी शहरातल्या लोकांना उतरायला जागा केल्या आहेत. कुणी आंब्यावर मचाण बांधलं आहे, कुणी जुन्या गोठ्याला फरशी घातली आहे. यातल्या एकाही दाराला बाहेरून कडी सापडायची नाही.

मागे नाशिकहून आलेले एक गृहस्थ नवंकोरं कुलूप हातात घेऊन दाराभोवती घिरट्या घालत होते. खोली चालवणाऱ्या दुरपदाकाकूंनी शेवटी त्यांना ओट्यावर बसवलं.

"कुलूप पिशवीत टाका, भाऊ. तुम्ही गड बघून येईस्तवर आमची सून दारात बसंल."

"अहो काकू, पण सुनेला कशाला बसवता? एक कडी ठोकली की काम झालं!"

"कडी मी ठोकीन वो. मग हौसाला कोण तोंड देणार?"

"हौसा म्हणजे सूनबाई का?"

काकू हसल्या. "बसा. चहा येतोय."

चहा येऊन निवला तरी गृहस्थ उठले नाहीत. काकूंनी सांगितलं ते असं.

फार जुनी गोष्ट आहे, असे सांगतात. तेव्हा घाटात रस्ता नव्हता. कोकणातून मीठ घेऊन निघालेले बैल याच वाटेने देशावर चढत, आणि अर्ध्या चढावर पाठ टेकायला ही एकच सपाट जागा होती. थकलेल्या माणसाला कड्यातल्या खोलीत उतरवायचं, गूळपाणी द्यायचं, ही गावाची रीत. गावाने घाटजाई देवीपुढे नेमच घेतला होता: उंबरा ओलांडून आत आलेल्या पाहुण्याला माची बाहेर काढणार नाही. तो जाईल तो आपल्या पायांनी, आपल्या मर्जीने. खोलीला तेव्हा बाहेरून लोखंडी कडी होती. रिकाम्या खोलीत बिबट्या शिरू नये म्हणून लावलेली.

खोलीची राखण एका घराकडे होती. त्या घरची लेक हौसा. बाप मिठाच्या बैलांबरोबर खाली उतरला की पाहुण्यांची सगळी उठबस तिच्या अंगावर पडे. कामाला वाघीण, पण जिभेला हाड नाही, असं गाव म्हणे. पारावर पंच बोलत असताना ही मध्ये तोंड घाली. "तात्या, हे मघाशी सांगून झालं, आता पुढं चला," असं ती एकदा भर बैठकीत धोंडूतात्या पंचांना म्हणाली, आणि तिच्या बापाला देवीपुढे दंडाचा नारळ फोडावा लागला.

एका चैत्रात बाप असाच कोकणात गेलेला. सकाळच्या उन्हात, वरून देशाकडून, एक प्रौढ बाई घाट उतरत आली. पायात वहाणा नाहीत, लुगडं काट्यांनी फाटलेलं, खांद्यावर घोंगडी. हौसाने गूळपाणी पुढे केलं. बाई पाणी प्यायली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली.

"पोरी, आधी ऐक, मग आत घे. माझ्यामागं स्वार हायेत."

तिचं नाव भिवरा. ती सुईण होती. वरच्या गढीत सरकारांच्या सुनेचं बाळंतपण तिने केलं होतं. मूल पोटातच गेलेलं होतं, ते मेलेलंच बाहेर आलं. आई वाचली. पण सरकारांना आईचं काही नव्हतं. वंश बुडवला म्हणून त्यांनी सुईणीचा जीव मागितला होता.

"तुम्ही मारलंत का त्याला?" हौसाने विचारलं.

"नाय."

"मग या आत."

ही बातमी पारावर पोचली आणि पंच जमले. बाई ठेवून घ्यावी तर स्वार गाव पेटवतील. बाई काढून द्यावी तर नेम मोडतो आणि घाटजाई कोपते. रायाजी पाटील मिशा चावत बसले. बोलणं फिरून फिरून त्याच जागी येत राहिलं. ऊन चढलं, पाराची सावली आखडली. अखेर धोंडूतात्यांना युक्ती सुचली.

"नेम काय सांगतो? पाहुण्याला बाहेर काढायचं नाय. बरं, आपण कुठं काढतोय? उलट आतच ठेवतोय की! बाहेरून कडी घाला. स्वार आले की त्यांची ते काढतील. आपलं बोट बी लागणार नाय."

पंचांना हे फार आवडलं म्हणे. नेमही राहिला आणि गावही राहिलं. पाटलांनी स्वतः जाऊन कडी घातली.

हौसा टाक्यावरून पाण्याची घागर घेऊन आली तेव्हा तिला हे कळलं. घागर तशीच टाकून ती पारावर गेली.

"तात्या, सापळ्यात उंदीर धरला की त्याला बी पाहुणा म्हणता का?"

"तोंड सांभाळ. थोरांचं ठरलंय."

"सकाळपासून बसून एवढंच ठरलं? मग नसतात बसला तर बरं झालं असतं."

ती कडी काढायला धावली. दोघा गड्यांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. भिवराने दार ठोकलं नाही, हाक मारली नाही. घाट चढता-उतरता तिने माणसं पुष्कळ पाहिली असावीत. पण त्या गप्पपणाने हौसाच्या अंगाची आग झाली.

दुपार कलली आणि पाटलांच्या घरातून किंकाळी आली.

पाटलांची सून ताना पहिलटकरीण होती. पहाटेपासून तिला कळा येत होत्या. माचीची सुईण गेल्या माघात वारली होती. दुसरी पार घाटाच्या पायथ्याला. गावातल्या बायकांनी हात लावून पाहिला आणि त्या एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. मूल आडवं आलं होतं. पाटलीणबाई डोक्यावरचा पदर सावरायचं भान न ठेवता पारावर आल्या.

"अहो, पोरगी हातची जाती!"

सगळ्यांच्या माना कड्याकडे वळल्या. तात्यांनी घसा खाकरला, "आता नेमाचं असं हाय—" पाटलीणबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तात्यांनी तोंड मिटलं.

हौसा चालत गेली आणि तिने कडी काढली. या वेळी तिला कुणी धरलं नाही.

भिवरा भिंतीला टेकून बसली होती. हौसाने आडपडदा ठेवला नाही. "मावशी, दार उघडं हाय. ही वाट कोकणात जाती, आत्ता निघालात तर सुटाल. आणि तिकडं एक बाळंतीण अडलीय. मूल आडवं हाय."

"कुणाच्या घरी?"

"पाटलांच्या. ज्यांनी कडी घातली त्यांच्याच."

भिवराने घोंगडी बाजूला टाकली आणि पदर खोचला. "पाणी तापत ठेवलंय का कुणी, का त्याला बी बैठक बसवायची?"

ती पाटलांच्या घरात शिरली, आणि तेवढ्यात घाटमाथ्यावर धूळ दिसली. स्वार उतरत होते. आडवं मूल फिरवायचं तर वेळ लागणार. स्वार घरं धुंडाळायला लागले तर सुईण जाणार, तिच्यामागे ताना, आणि पोटातलं मूलही. हौसा पाटलांपुढे उभी राहिली.

"मला आत घाला आणि कडी लावा. विचारलं तर सांगा, सुईण आत हाय."

"अगं, एक शब्द बोललीस तर वळखतील. तुझा आवाज पोरसवदा."

"बोलणार नाय."

"तू?" तात्यांच्या तोंडून निघून गेलं. अशा वेळीही कुणाला तरी हसू फुटलं म्हणे. हौसाला नाही. ती आत गेली आणि तिने अडसर घातला. पाटलांनी त्याच दिवशी दुसऱ्यांदा कडी घातली.

स्वार आले. जमादाराने विचारलं, पाटलांनी बोट दाखवलं. कडी काढून त्यांनी दार ढकललं, लाथा घातल्या. ऐनाच्या लाकडाचं दार हललं नाही.

"बाहेर ये, सटवे!"

जमादाराने चढाकडे पाहिलं, दमलेल्या घोड्यांकडे पाहिलं. "हिला घाट कोण चढवणार? इथंच संपवा. आणि कडी घाला परत, धुरानं पळाली तर?"

दारापुढे वाळलं गवत रचलं, त्यावर ओला पाला टाकला. धूर फळ्यांच्या फटींतून आत घुसला. हौसाच्या डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं, छाती आवळली. बाहेर जमादार ओरडत होता, "गुन्हा कबूल कर, कडी काढतो!" कडी काढून घ्यायला दोन शब्द पुरेसे होते: मी हौसा. जन्मभर बडबडलेल्या त्या मुलीच्या दातांशी ते दोन शब्द येऊन थडकत होते. त्यांच्यामागे जमादाराला, तात्यांना, पाटलांना द्यायच्या शिव्या रांगेने उभ्या होत्या. पाटलांच्या घरातून मूल रडल्याचा आवाज अजून आला नव्हता. तोवर बोलायचं नाही. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती मागच्या भिंतीशी सरकली. तिथे खडक गार होता. तिने त्याला तोंड लावलं.

पारावर थोर मंडळी उभी होती. खोलीत कोण आहे हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पाटील एकदा धुराकडे बघत, एकदा आपल्या घराकडे. त्यांनी तोंड उघडलं नाही.

तेव्हा कड्याने श्वास घेतला, असे सांगतात. आत मोठा आवाज झाला आणि छताचा खडक उभा तडकला. कोंडलेला धूर त्या भेगेत ओढला गेला. वर, जिथे घर नाही, चूल नाही, वाटही नाही, तिथल्या उघड्या कातळातून धुराचा खांब उभा राहिला. घोडी बिथरली. एक स्वार खालीच पडला. जमादार वर बघत राहिला, मग हळू आवाजात म्हणाला, "संपली असंल. निघा."

त्याने रिकिबीत पाय घातला आणि पाटलांच्या घरातून ट्यांहा ऐकू आला. जमादार थबकला.

"हे काय?"

"सून बाळंत झाली," पाटील म्हणाले.

"सुईण कोण?"

पाटलांनी आयुष्यात पहिल्यांदा पंचांकडे न बघता उत्तर दिलं. "माझी बायको. डोंगरात आम्हाला सुईण कुठली, जमादार?"

जमादाराने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्याने घोडं वळवलं. गढीवर त्याने काय सांगितलं ते साऱ्या मुलखाला कळलं: सुईण धुरात मेली. भिवराचा शोध तिथेच थांबला.

पण हौसा अजून आतच होती. गड्यांनी जळतं गवत पायाने उधळलं आणि ते कडीशी थांबले, कारण तात्या म्हणाले, "स्वार अजून वळणावर हायेत. दिसंल त्यांना. जरा दमानं घ्या." त्यावर पुन्हा बोलणं सुरू झालं. त्या घोळक्यातून भिवरा आली, कोपरापर्यंत रक्ताने भरलेली. तिने तापलेल्या कडीला उघडा हात घातला आणि ती ओढली.

"पोरी, मी हाय. काढ अडसर."

भिवराने दारावर थाप मारली.

"मुलगी झाली बघ. दोघी धड हायेत. आता बोल, बाई. आता बोल!"

बराच वेळ गेला. मग आत लाकूड सरकलं. हौसा बाहेर आली ती काजळीसारखी काळी, डोळे लाल, पदराचा बोळा अजून मुठीत. पाटलांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तात्या गहिवरले. "अरे, प्रत्यक्ष घाटजाई उतरली! इथं शेंदूर लावू, हौसाईचं ठाणं करू, वर्षाला जत्रा भरवू. आता तिथी कोणती धरायची ते—"

असे सांगतात की हौसा खोकली, खोकली आणि मग फाटलेल्या आवाजात म्हणाली, "मी जित्ती हाय, तात्या. शेंदूर ठेवा. पहार आणा."

पहार आली. तिने कडी उचकटली, कोयंडा उपटला, दोन्ही दरीत भिरकावले. पाटलांनी तिथेच गावाचा नेम वाढवला: माचीवर पाहुण्याच्या दाराला बाहेरून कडी असणार नाही. हौसाचा आवाज तसाच घोगरा राहिला. बोलणं मात्र तसूभरही कमी झालं नाही. भिवरा माचीवरच राहिली आणि पुढच्या कितीतरी पोरांच्या नाळा तिने कापल्या.

आजही कड्यातल्या खोलीत निजलं की छताच्या भेगेतून वारा येतो. तिथे शेंदूर नाही, मूर्ती नाही. आजही माचीवर नवी पाहुणखोली उभी राहिली की दार बसवल्यावर गावातल्या एका मुलीला आत पाठवतात. ती आतून अडसर घालते. बाहेर सगळी थोर मंडळी उभी असतात, आणि तिने दार उघडेपर्यंत त्यांच्यापैकी कुणी एक अक्षर बोलायचं नाही, असा दंडक आहे. तिला वाटेल तेव्हा ती उघडते. काही मुली मुद्दाम फार वेळ लावतात.