शांतवनची दवंडी

बसा, जरा ऐसपैस बसा. ही गोष्ट उंबरखडीची आहे, आणि उंबरखडीत ती घाईनं कुणी सांगत नाही.

फार वर्षांपूर्वी, त्या गावाला जायला नुसती बैलगाडीची चाकोरी होती तेव्हा, तिथं सावळा नावाचा एक दवंडीवाला राहत होता. अंगानं उंच, रंगानं काळाभोर, आणि आवाज असा की काय सांगावं! चावडीपुढं उभा राहून त्यानं हलगीवर थाप मारली आणि "ऐका हो ऐका" म्हटलं की नदीपलीकडचा नांगर थांबायचा. भांडणारे नवराबायको भांडण अर्ध्यात सोडायचे. त्याच्या आवाजानं झाडावरच्या पिकल्या चिंचा गळून पडत, असं म्हणतात. दवंडीच्या दिवशी गावातली पोरं टोपल्या घेऊनच त्याच्या मागं फिरत.

सावळाचा एक नेम होता. सांगणाऱ्यानं जे सांगितलं तेच सांगायचं. एकदा पाटलांनी त्याला बैलबाजाराची दवंडी द्यायला पाठवलं. वाटेत एका व्यापाऱ्यानं त्याला गाठलं.

"सावळा, बाजार दुपारी भरणार म्हणून सांग. सकाळी मी एकटाच जाईन अन् चांगले बैल निवडून घेईन."

सावळा हसला. "शेठ, तोंड माझं आहे, पण बोल पाटलांचा आहे. त्यात मी मीठ घालत नाही आणि असलेलं काढतही नाही."

असा हा माणूस.

एकदा आठवड्याच्या बाजारात लिंबाखाली एक म्हातारा उपदेशक उभा होता. परगावाहून पायी आलेला. ओठ हलत होते, पण भाजीवाल्यांच्या गलक्यात एक शब्द ऐकू येत नव्हता. सावळाला त्याची दया आली. तो जवळ गेला आणि म्हणाला, "बाबा, काय सांगायचंय ते माझ्या कानात सांगा. मी ओरडतो."

म्हातारा एकेक वाक्य सांगू लागला आणि सावळा हलगीवर थाप मारून ते गर्जू लागला. "ऐका हो ऐका! देवानं आपला मुलगा पाठवला! तो आपल्या पापांपायी मेला! मेला, पुरला, आणि जिवंत होऊन उठला! आता ज्याला यायचं त्यानं देवाकडं यावं! कुणाला मज्जाव नाही!"

सगळा बाजार ऐकत राहिला. आणि तेवढ्यात सावळाच गप्प झाला. आयुष्यात पहिल्यांदा तो दवंडीच्या मध्येच थांबला होता.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "ही दवंडी माझ्यासाठीपण आहे का?"

"तुझ्यासाठी नसती," म्हातारा म्हणाला, "तर तुझ्या तोंडात कशाला आली असती?"

सावळा आधी हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम करायला लागला. त्याच आठवड्यात नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याला शांतवन हे नाव मिळालं. त्यानंतर त्यानं दुसरी कुठली दवंडी दिली नाही. रानात, पाणवठ्यावर, लग्नघरात, जिथं माणूस दिसेल तिथं तो तीच बातमी सांगायचा आणि ती सांगताना असा खुलायचा की ऐकणाऱ्यालाही हसू फुटायचं.

उंबरखडीच्या गावकुसाबाहेर दोन आळ्या होत्या. वरची आणि खालची. शांतवन वरच्या आळीचा. दोन्ही आळ्यांना गावानं लांबच ठेवलं होतं, पण वरची आळी खालच्या आळीच्या हातचं पाणी पीत नसे. शांतवनची दवंडी ऐकून दोन्ही आळ्यांनी विश्वास धरला. सगळ्यांनी मिळून प्रार्थनेसाठी मातीचं देऊळ बांधलं. वरच्या आळीचा केरबा पंच सुतारकामात तरबेज होता. त्यानं सागवानाचं एक जाडजूड दार घडवून दिलं. केरबा मनानं वाईट नव्हता. शांतवनवर त्याचा भारी जीव. पण त्याची लेक शेवंता लग्नाची झाली होती, आणि सोयऱ्याधायऱ्यांत काय बोललं जाईल या भीतीनं त्याला झोप लागत नव्हती.

एके दिवशी तो शांतवनला म्हणाला, "दादा, खालच्या आळीनं बाहेर ओट्यावर बसावं. तुमचा आवाज काय लहान आहे? त्यांना तिथं ऐकू येईलच की."

शांतवनला ते रुचलं नाही. पण त्यानं विचार केला, आज ना उद्या ही गाठ सुटेल, उगाच नव्या मंडळीत फूट कशाला? आणि तो गप्प बसला. उपदेश करताना "कुणाला मज्जाव नाही" हे वाक्य आलं की त्याची जीभ अडखळायची. मग हळूहळू ते वाक्य त्यानं सोडूनच दिलं.

आणि नवल असं की त्या दिवसापासून त्याचा आवाज उतरू लागला. आधी नदीपलीकडं जाईना, मग चावडीपर्यंत पोचेना. लोकांनी त्याला ज्येष्ठमध चघळायला दिलं, हळदीचं दूध दिलं, वैद्यानं काढा दिला. कशाचाही उपयोग झाला नाही. उन्हाळा लागला तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायका कानामागं हात धरून बसू लागल्या. चिंचा आपल्या झाडावरच राहिल्या.

खालच्या आळीत गयाबाई नावाची एक विधवा होती. ओट्यावर उन्हात बसून ती दर रविवारी उपदेश ऐकायची. एका रविवारी सगळे घरी गेल्यावर ती शांतवनजवळ आली.

"बाबा, राग मानू नका. पण आता बाहेर काहीच ऐकू येत नाही बघा. आमच्यापुरती दवंडी बंद झाली का?"

तिनं हे टोमण्यानं विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. शांतवननं हलगी खांद्याला अडकवली. घरी न जाता तो तसाच केरबाकडं गेला.

"केरबा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "येत्या रविवारी पुनरुत्थानाचा सण. एक भाकर मोडायची, एकच प्याला सगळ्यांनी प्यायचा. सगळी मंडळी आत बसेल."

केरबाचा चेहरा उतरला. "दादा, शेवंताचं लग्न ठरलंय. खालच्या आळीबरोबर एका प्याल्यातून प्यालो हे मुलाकडच्यांच्या कानावर गेलं तर ते मोडलंच म्हणून समजा. बाकी सगळं सांगा. देवाचा मुलगा आला सांगा, मेला सांगा, उठला सांगा. तेवढं एक वाक्य गाळा."

"मी ते गाळलंच होतं. बघतोस ना माझं काय झालं? निरोप माझा असता तर तुझ्यासाठी हवा तसा वळवला असता रे. पण तो ज्याचा आहे त्याला मी काय तोंड दाखवू?"

"मग दुसरं गाव बघा!" केरबा ओरडला. ओरडला खरा, पण त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं शांतवनच्या खांद्यावरची हलगी ओढून घेतली आणि आपल्या घरातल्या खुंटीला टांगली.

सणाची सकाळ झाली. वरची आळी देवळात जमली आणि केरबानं आतून कडी घातली. बाहेर ओट्यासमोर खालची आळी उभी, आणि त्यांच्यात शांतवन. हातात हलगी नाही, घशात आवाज नाही. सूर्य वर येत होता. त्यानं तोंड उघडलं, पण नुसती हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. एक लेकरू रडायला लागलं.

गयाबाई पुढं झाली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. वरच्या आळीच्या माणसाला तिच्या घरातल्या कुणीही कधी पाणी दिलं नव्हतं, तरी तिनं तो पुढं केला.

"बाबा, घसा कोरडा पडलाय तुमचा."

शांतवननं तांब्या घेतला. सगळ्यांच्या देखत तोंडाला लावला आणि शेवटचा थेंबसुद्धा ठेवला नाही. तोंड पुसलं, मान वर केली.

"ऐका हो ऐका!"

असा आवाज उंबरखडीनं त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. नदीवरचे बगळे एकदम उडाले. पाटाचं पाणी थबकलं. शेजारच्या गावातली तांब्यापितळेची भांडी फडताळात किणकिणली, असं म्हणतात. साठलेल्या सगळ्या चिंचा एकाच वेळी गळाल्या आणि पोरांना डोक्यावर टोपल्या धरून उभं राहावं लागलं. "देवाचा मुलगा मेला होता, तो जिवंत झाला! ज्याला यायचं त्यानं यावं! कुणाला मज्जाव नाही! कुणाला मज्जाव नाही!"

आणि तेव्हा केरबाच्या रिकाम्या घरात, खुंटीवर टांगलेली हलगी आपोआप वाजू लागली. घराला कुलूप, आत चिटपाखरू नाही, आणि हलगी अशी कडाडते आहे जणू वरात निघाली!

देवळात बसलेल्यांनी तो नाद ऐकला. शेवंता उठली आणि म्हणाली, "आप्पा, एवढ्या मोठ्या बातमीला कडी घालून जे लग्न होणार, ते मला नको."

केरबा उठला. दाराशी गेला, कडी काढली. लोकांना वाटलं आता हा दार उघडेल. पण त्यानं दोन्ही हातांनी ते सागवानी दार खालून उचललं आणि चौकटीतून उपसूनच काढलं. पाठीवर घेऊन बाहेर आणलं, चार धोंड्यांवर आडवं ठेवलं आणि धापा टाकत म्हणाला, "दादा, भाकर ह्याच्यावर मोडा. एवढी माणसं आत कशी मावणार?"

शेवंतानं भाजलेली भाकर होती, द्राक्षरसाच्या जागी मनुका भिजवून काढलेलं पाणी होतं, आणि प्याला एकच. शांतवननं भाकर मोडली. प्याला आधी गयाबाईला दिला. तिनं घोट घेतला आणि तो केरबाकडं दिला. केरबानं प्याला दोन्ही हातांत धरला, एकदा आभाळाकडं बघितलं, आणि जिथं तिचे ओठ लागले होते तिथूनच घोट घेतला. मग गलका झाला! कुणी केरबाच्या घराकडं धावलं, कुलूप काढून हलगी घेऊन आलं, आणि दोन्ही आळ्या दुपारपर्यंत नाचल्या. ती एक भाकर सगळ्यांना पुरून उरली, असं म्हणतात. उरलेली पोरांनी चिंचेबरोबर खाल्ली.

शेवंताचं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी तसा निरोपच धाडला. पण निरोपामागून काही दिवसांनी तो मुलगा स्वतःच चालत आला. म्हणाला, "त्या सकाळी आमच्या शेतात मी तो आवाज ऐकला. कुणाला मज्जाव नाही म्हणत होता. मी आलो तर चालेल का?" त्या लग्नाचा स्वयंपाक खालच्या आळीनं केला, आणि केरबानं पंगतीत उठून पुन्हा वाढून मागितलं.

शांतवन पुष्कळ जगला. त्या सणानंतर त्यानं एक रीत पाडली. उपदेश संपला की तो गयाबाईकडं वळून विचारायचा, "बाई, दवंडी पुरती झाली का?" ती "झाली" म्हणाली तरच तो खाली बसायचा. एखाद्या रविवारी ती "आज थोडी राहिली" म्हणायची, आणि तो हसत हसत पुन्हा उभा राहायचा. तो गेला तेव्हा दोन्ही आळ्यांनी मिळून त्याला खांदा दिला, आणि कुणी हळू आवाजात गायलं नाही.

आज उंबरखडीचं देऊळ दगडी आहे, पण त्याच्या चौकटीला दार नाही. नव्या पाळकांनी एकदोनदा बसवून बघायचं म्हटलं, कारण शेळ्या आत येतात. लोक म्हणतात, येऊ द्या.

आणि ती रीतही चालू आहे. कुणीही उपदेश करो, शेवटी मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईकडं वळून त्याला विचारावंच लागतं. मागल्या सणाला शहरातून एक पाहुणे आले होते. बोलले फार छान. सुखी संसार कसा करावा, चिंता कशी सोडावी, धंद्यात बरकत कशी येते, सगळं सांगितलं. मग कुणीतरी कानात सांगितलं म्हणून त्यांनी म्हातारीला विचारलं, "आजी, दवंडी पुरती झाली का?"

आजी म्हणाली, "गोड बोललास लेकरा. पण दवंडी राहिली की."

पाहुणे क्षणभर गोंधळले. मग स्वतःशीच हसले, चष्मा काढून खिशात ठेवला, आणि त्यांनी सांगितलं. देवाचा मुलगा आला, आपल्यासाठी मेला, उठला, कुणाला मज्जाव नाही. दोन दमांत सांगून झालं. सांगताना त्यांचा आवाज भरून आला आणि चांगला मोठाही झाला.

आजीनं मान डोलावली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "झाली. चला आता, भाकरी निवतील."