शिंपल्याचे दात

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका; पण ऊस तेव्हाही गोड होता आणि माणसं तेव्हाही आरशात बघत होती.

एका नदीकाठी एक राज्य होतं. सगळा मुलूख उसाचा. हंगाम आला की राजा गुऱ्हाळावर येई, लोकांसमोर पहिला ऊस स्वतःच्या दातांनी सोले, चावे आणि रस गोड उतरलाय की नाही ते सांगे. त्याने मान डोलावली की चुलवण पेटे, त्यावर रसाची काहील चढे. तोवर कोणी घाण्याला बैल जुंपत नसे. युवराजाला गादीवर बसायचं असेल, तर त्यालाही आधी हाच ऊस सोलावा लागे. ज्याला ऊस सोलता येत नाही त्याच्या हाती उसाचं राज्य कसं द्यायचं, असं लोक म्हणत.

तिथला राजा आता म्हातारा झाला होता. गुडघे कुरकुरत, दरबारात बसल्या बसल्या डुलकी लागे. दात मात्र शाबूत होते. पिवळसर, झिजलेले, पण भिंतीतल्या खुंट्यांसारखे घट्ट. त्यात गुपित काही नव्हतं. रोज पहाटे राजा नदीच्या पायरीवर बसे, बाभळीच्या दोन काड्या मोडे, एक स्वतः घेई आणि दुसरी युवराजाला देई. युवराज दुधाच्या दातांचा होता तेव्हापासूनचा हा नेम. बापलेक काडी चावून मऊ करत, दात घासत, खळखळून चुळा भरत आणि मग आपापल्या कामाला लागत.

युवराज स्वभावाने चांगला होता. त्याचे पुढचे दात जरा पिवळे होते आणि एक दात शेजारच्याच्या खांद्यावर चढून बसला होता, पण त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. मग एके दिवशी दरबारातल्या चिताऱ्याने त्याचं चित्र काढलं. चित्र सुरेख होतं, फक्त त्यात युवराजाचे ओठ मिटलेले होते.

"मी तर हसत बसलो होतो," युवराज म्हणाला.

"होय महाराज," चितारी म्हणाला, "पण मिटलेले ओठ जास्त शोभतात."

ते वाक्य युवराजाच्या मनात सलत राहिलं. तो तोंडावर हात धरून हसू लागला, आणि पुढे हसेनासाच झाला. भरल्या तारुण्यात हसू गिळून बसावं लागणं ही काही लहान गोष्ट नाही. पुढे त्याने जे केलं त्यासाठी त्याला नावं ठेवण्याची घाई करू नका.

समुद्रकाठचा एक कारागीर गावोगाव फिरत त्या राज्यात आला. शिंपल्याचे पातळ पापुद्रे घासून तो दातांवर बसवत असे. युवराजाने त्याला बोलावलं. कारागिराने चढलेला दात कानशीने थोडा घासला, पापुद्रे मापाने कापले आणि लाखेने असे चिकटवले, की जोड कुठे दिसू नये. त्याने आरसा समोर धरला तेव्हा युवराजाचे डोळे भरून आले.

निघताना कारागीर म्हणाला, "युवराज, वरचा शिंपला माझा, पण आतला दात तुमचाच आहे. काडी चुकवू नका. हिरडीच्या कडेने हलक्या हाताने फिरवत जा. दर हंगामाआधी मी इकडे येतो, तेव्हा एकदा दाखवा म्हणजे झालं."

युवराजाने मान हलवली खरी, पण त्याचं सगळं लक्ष आरशात होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे राजाने पायरीवर दोन काड्या मोडल्या. युवराजाने आपली घेतली नाही.

"आबासाहेब, काडीने चरे पडतील. आणि शिंपल्याला कुठे कीड लागते?"

"शिंपल्याला नाही लागत, बाळ," राजा म्हणाला, आणि त्याने दुसरी काडी पायरीवर ठेवून दिली.

हळूहळू युवराज पहाटे यायचाच बंद झाला. मेजवान्या उशिरापर्यंत चालत आणि प्रत्येकाला त्याचं हसू बघायचं असे. कारागीर ठरल्याप्रमाणे आला, तेव्हा युवराजाने सज्ज्यातूनच निरोप पाठवला, "सगळं झकास आहे." राजा मात्र रोज दोन काड्या मोडत राहिला.

पुढे युवराजाच्या हिरड्या लाल झाल्या. गार पाण्याची कळ डोक्यात जाऊ लागली, तेव्हा तो कोमट पाणी पिऊ लागला. तोंडाला वास यायला लागला, तेव्हा लवंगा चघळू लागला. एक भाट तर म्हणाला, युवराज बोलतात तेव्हा लवंगेची बाग दरवळते. तोंडपुज्यांचं काय जातं? हसू पांढरंशुभ्र होतं, म्हणून युवराजानेही स्वतःची समजूत घातली.

अशात राजाने त्याला जवळ बोलावलं. "या वर्षी ऊस तू सोल. माझे गुडघे थकले रे. मी आता पायरीवर बसून नुसती नदी बघणार आहे."

गुऱ्हाळावर सगळा मुलूख लोटला. युवराज हसत पुढे आला. "किती देखणं हसू," एक बाई म्हणाली. त्याने ऊस हातात घेतला, पेरावर दात रोवले आणि साल ओढली.

काड्‌कन आवाज झाला. शिंपला उसात रुतून राहिला होता, आणि त्याच्या आत, किडून काळा पडलेला, युवराजाचा दात. पांढऱ्या पेरावर रक्ताचे थेंब पडले.

ते लोक भले, कोणी हसलं नाही. "चणे आहेत तर दात नाहीत," एवढंच एक म्हातारी पुटपुटली.

मग राजा गुडघ्यांवर हात टेकून उठला. त्याने दुसरा ऊस घेतला, आपल्या पिवळ्या दातांनी सावकाश सोलला, चावला आणि मान डोलावली. चुलवण पेटलं. राजा लंगडत पुन्हा गादीकडे गेला आणि आणखी एका वर्षासाठी तिच्यावर बसला.

दात गेल्याचं दुःख युवराजाला झालंच, पण वडिलांची ती लंगडती पाठ बघून त्याला जे वाटलं, ते त्याहून कितीतरी जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो पायरीवर आला. दुसरी काडी तिथे होती.

"आबासाहेब, तुमचा विसावा माझ्यामुळे गेला."

"गेला तो गेला," राजा म्हणाला. "उरलेत ते घास."

त्यानंतर युवराजाने एकही पहाट चुकवली नाही. कारागीर पुन्हा आला, तेव्हा तो स्वतः खाली उतरला आणि त्याच्यासमोर आ करून बसला.

"फटीत नवा दात बसवून देऊ?" कारागिराने विचारलं.

"द्या," युवराज म्हणाला, "पण आधी बाकीचे नीट बघा."

त्या हंगामात त्याने ऊस बाजूच्या दातांनी सोलला. वेळ लागला, पण सोलला. म्हाताऱ्या राजाने समाधानाने मुंडासं उतरवून मुलाच्या डोक्यावर ठेवलं. चिताऱ्याने नव्या राजाचं चित्र काढलं, त्यात तो तोंडभर हसत होता.

आणि पहाटे नदीच्या पायरीवर अजूनही दोन काड्या मोडल्या जात. फक्त आता त्या मुलगा मोडे, आणि म्हातारा नदीकडे बघत हात पुढे करी.

म्हणून लहानथोरहो, ध्यानात ठेवा: शोभा एका दिवसात करून घेता येते, पण निगा रोजची रोजच राखावी लागते.