मेलेल्या गांधीलमाशीचा वास

जंगलात अजून पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. हिरड्याच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं आणि गांधीलमाश्यांच्या धाडी पडायचे दिवस जवळ आले होते. राणीमाशीनं माश्यांच्या तयारीसाठी दोन गांधीलमाश्या आणवल्या. एक मेलेली, ती पोळ्याच्या आत ठेवली. दुसरी जिवंत, पण पंख फाटलेली आणि नांगी मोडलेली, ती दारात सोडली.

दारावरच्या पहारेकरी माश्यांनी तिच्याशी चार दिवस झोंबाझोंबी केली. त्यांची म्होरकी तांबी आतल्या माश्यांना हसायची. "आम्ही कुस्ती शिकलो. तुम्ही बसा मढ्याचा वास घेत."

"वास तर वास," आतली एक पोक्त माशी म्हणाली. "आम्ही तो विसरणार नाही, बाई."

शेवटी तीन गांधीलमाश्यांची धाड पडली. तांबीच्या टोळीनं दोघींना दारातच लोळवलं, पण तिसरी निसटून आत घुसली. आत पिल्लं होती, आणि आतल्यांपैकी एकीनंही जिवंत शत्रू कधी पाहिला नव्हता.

तांबी धावत आत गेली आणि थबकली. ढोलीच्या अंधारातून शेकडो माश्या त्या एका वासाच्या रोखानं येत होत्या. त्या शत्रूला बिलगल्या, त्यांचा गच्च गोळा झाला आणि नुसत्या अंगाच्या उबेनं त्यांनी तिला भाजून काढलं.

गोळा सुटला, तेव्हा तांबी हळूच त्या मेलेल्या गांधीलमाशीपाशी गेली आणि पहिल्यांदाच तिचा वास घेतला.