दहा हजार सात बाण

राजे गडावर राहायचे आणि बाण हातानं घडायचे, त्या जुन्या काळची ही गोष्ट. ऐका, लहानांनो, आणि मोठ्यांनो, तुम्ही तर नीट कान देऊन ऐका.

एका गडावर बाणांचं कोठार होतं. तिथला कोठारी भारीच संशयी. बायकोनं आमटीत तूप जास्त घातलं तरी त्याला वाटायचं, ही नक्की काहीतरी लपवतेय.

त्या कोठारात बाण एकेक करून कोणी मोजत नसे. सारख्या जुड्या बांधायच्या. शेवटची जुडी पुरी भरली की माल पुरा, अशी वाडवडिलांपासूनची रीत होती.

एकदा गडाखालून बाण आले. ते घडवणाऱ्या म्हातारीनं निरोप दिला होता, की मागितले दहा हजार, वाटेत मोडतील म्हणून सात वर घातलेत. दहा हजार सात! असला वाकडा आकडा कोण पाठवतं? कोठाऱ्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला.

त्यानं बारा-बाराच्या जुड्या बांधल्या. शेवटच्या जुडीत एक बाण कमी. तेराच्या बांधल्या, तर तीन कमी. सतराच्या बांधल्या, तर सहा! चोर चांगलाच शेफारलाय, असं म्हणत त्यानं राखणदाराला बोलावलं. बिचारा वीस वर्षं त्या दाराशी उभा होता. अब्रूशिवाय त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

राखणदार हात जोडून म्हणाला, "सरकार, मी दारातून हललो नाही. आणि चोर काय तुमच्या जुड्या बघून चोरी करतो? बाराची बांधली की एक नेतो, सतराची बांधली की सहा?"

कोठारी क्षणभर घुटमळला. पण मन कुठलं ऐकतंय! इतकं सुचतंय म्हणजे हाच तो, असं त्यानं ठरवलं आणि गावभर दवंडी पिटवून राखणदाराला चोर ठरवलं.

मग कोठाराला आतून कडी घालून त्यानं एकट्यानं एकोणीसच्या जुड्या बांधल्या. तरी सहा कमी! आत दुसरं कोणीच नव्हतं. आता संशय घ्यायचा तो कोणाचा? तो तसाच धावत म्हातारीकडे गेला.

तिनं गडावर येऊन त्याला एकेक बाण मोजायला लावला. तीन दिवस लागले. बाण भरले दहा हजार सात.

"काही आकडे असतातच असे, बाबा," म्हातारी म्हणाली. "कशानंही भागा, सारखे वाटे होत नाहीत. एकेक मोजा, नाहीतर सगळ्यांची मिळून एकच जुडी बांधा. त्यात चोरी कुठली आली?"

कोठारी तसाच राखणदाराच्या घरी गेला. दार उघडं, चूल थंड. शेजारी म्हणाले, नवराबायको दवंडीच्याच दिवशी मान खाली घालून निघून गेली, कुठे ते सांगितलं नाही. कोठाऱ्यानं गावोगाव माणसं धाडली, पण पत्ता लागला नाही.

पुढे त्या कोठारावर पहारा द्यायला कोणी तयार होईना. कोठारी स्वतःच दाराशी उभा राहू लागला, आणि येणारेजाणारे त्याच्याकडेच संशयानं बघू लागले.

म्हणून सांगतो, मेळ बसला नाही तर आधी आपलं माप तपासावं, माणसाकडे बोट मागाहून दाखवावं.