दारातला वैद्य

एकदा एका नदीकाठच्या गावात पटकीची साथ आली. गावच्या वृद्ध वैद्यांनी धर्मशाळेतच दवाखाना मांडला. त्यांच्या शिष्यांत हरिहर सर्वांत कुशल. इतरांचा एक रुग्ण पाहून होई तोवर त्याचे तीन होत. साथ भरात आली, तेव्हा रांग ओट्यावरून थेट पाणवठ्यापर्यंत गेली. हरिहर मान वर न करता रुग्ण हातावेगळे करीत होता.

इतक्यात गुरुजी म्हणाले, "हरिहर, ऊठ. दारात जाऊन उभा राहा."

"दारात? आणि माझे रुग्ण?"

"ते धाकटे दोघे पाहतील."

"गुरुजी, त्यांचा हात अजून बसलेला नाही. रांग तुंबेल. माणसं दगावतील!"

"म्हणूनच ऊठ."

हरिहर उठला; पण आतून धुमसत होता. दारात उभा राहिला तोही रांगेकडे पाठ करून. धाकट्यांची चाचपड पाहून त्याचा जीव वरखाली होत होता. मागे कुरकुर वाढली. रांगेच्या अग्रभागी एक धान्याचा व्यापारी होता. दवाखान्याला तांदूळ तोच पुरवीत असे. पोट आवळून धरत तो कडाडला, "वैद्यबुवा हाताची घडी घालून उभे आणि आम्ही उन्हात तळतोय! हा कुठला न्याय?"

हरिहर वळला, आणि प्रथमच त्याची नजर रांगेच्या शेवटापर्यंत गेली.

कोणी कण्हत होते, कोणी भांडत होते. अगदी टोकाला, चिंचेखाली, एक तरुण स्त्री सासूच्या मांडीवर डोके ठेवून निपचित पडली होती. तिच्या ओठांवर माश्या बसत होत्या आणि त्या हाकलायला तिचा हात उठत नव्हता.

हरिहर धावला.

"उठवू नका हो," सासू म्हणाली. "सकाळपासून तळमळत होती. आत्ता कुठं डोळा लागलाय."

त्याने मनगट धरले. ते बर्फासारखे गार होते; नाडी लागेना. डोळे खोल गेलेले. त्याने तिला तसेच उचलले. दारात व्यापारी आडवा आला.

"रांग मोडता? मी पहाटेपासून उभा आहे!"

"उभे आहात ना?" हरिहर ओरडला. "म्हणूनच बाजूला व्हा!"

आत गुरू-शिष्य दोघे तिच्याजवळ बसले. मीठ घातलेले पेजेचे निवळ पाणी थेंबाथेंबाने तिच्या ओठांत सोडू लागले. पहिला घोट उलटून पडला. दुसराही. सासू पदर दातांत धरून पाहत होती. हरिहरचे बोट मनगटावरून हलेना. घटकाभराने कुठे त्या बोटाखाली सुतासारखे काहीतरी थरथरले; थांबले; पुन्हा थरथरले. स्त्रीचे ओठ हलले. "पाणी," ती म्हणाली. सासूला हुंदका फुटला.

हरिहरने गुरुजींकडे पाहिले. ते हळू आवाजात म्हणाले, "बाळ, ज्याच्या पायांत बळ, तो रांगेत पुढे असतो. रोग तो क्रम पाळत नाही. ओरडणाऱ्याच्या अंगात अजून त्राण असतं. ज्याचं ओरडणं थांबलं, त्याची घटका भरत आलेली असते. पेज पाजायला कोणीही शिकेल. पण आधी कोणाला पाजायची, हे ओळखायला जाणता डोळा लागतो, आणि तो दारात हवा. तू चपळ आहेस खरा. पण हिची पाळी येईतो तुझी चपळाई हिच्या काय कामाची होती?"

हरिहर उठून बाहेर आला. व्यापारी अजून तिथेच होता, भिंतीला टेकलेला, घामाघूम. त्याने दारातून आतले सारे पाहिले होते. हरिहरने त्याची नाडी पाहण्यासाठी हात पुढे केला.

व्यापाऱ्याने तो हात हलकेच बाजूला सारला.

"मला अजून बोलता येतंय, वैद्यबुवा," तो म्हणाला. "आधी मागं बघून या."