शेवटच्या कागदावरचा बगळा

निबा माणसाच्या हाताशिवाय आपापली चित्रं काढायच्या, त्या जुन्या काळातली गोष्ट. तळ्याकाठच्या खिडकीत एक नवी निब, म्हातारा बोरू आणि ढेरपोटी दौत असे तिघे राहत. बगळ्याचं चित्र जमलं नाही तर निबेची रवानगी गंजक्या डब्यात, असं दोघा म्हाताऱ्यांनी ठरवून टाकलं. ठरवायला त्यांना फार आवडायचं.

दोन कागद वाया गेले. "अगं, हा तर डोमकावळा झाला!" बाहेर उभा असलेला बगळा ओरडला.

निब गोंधळली. "बोरूकाका, शाई काळी, बगळा पांढरा. मग काढू कशाने?"

"तोंड चालवू नकोस. रेघ ठाम मार."

"आणि शाई भरपूर घे," दौतमावशी म्हणाली.

"तुम्ही काढलाय कधी बगळा?"

दोघंही तळ्याकडे बघू लागली.

आता उरला एकच कागद. बगळ्याला हात लावायची हिंमत होईना, म्हणून निबेने आधी त्याच्या मागचं गवत काढलं, काळं पाणी काढलं. दमून थांबली, तर मधल्या कोऱ्या जागेत पांढराशुभ्र बगळा उभा!

"मान जरा लांबलीय, पण मीच आहे," बगळा म्हणाला.

निबेला काही कळेना. ज्याला शिवलेच नाही, तोच कसा जमला?

"आम्ही शिकवलं म्हणून जमलं," बोरू खाकरला. "आता आमची नावं लिही. ती बघ, मध्ये जागा रिकामीच आहे."

निबेने एकदा बोरूकडे पाहिलं, एकदा बगळ्याकडे. मग टीपकागदाला तोंड पुसलं आणि आपणहून गंजक्या डब्यात जाऊन बसली.